भैरोबाची अंगी आणि भांगेचं तेल

माझ्या शिलाई मशीनला एकदा भांग चढली होती, आणि त्या तारेत त्यानं भैरोबाची अंगी आपली आपण शिवून काढली. ठेवा विश्वास. नाही ना ठेवत? कुणीच ठेवत नाही. हा महादू बघा, चहाचं गाळणं हातात तसंच धरून हसतोय. हस बाबा, पण तिकडे चहा उतू चाललाय तेवढा बघ. आणि इंदूआक्का, तुम्ही गुरवीणबाई, आपले हार ओवा, तोंड वाकडं करू नका. मी शिंपी माणूस. "परवा या, तयार ठेवतो" यापलीकडे मला आयुष्यात खोटं बोलायची गरज पडलेली नाही.

करोनाच्या आधीच्या चैत्रातली गोष्ट. तेव्हा माझे पाय जळत होते.

जळत होते म्हणजे चटके बसायचे असं नव्हे. आतून. तळव्यात कुणी निखारे भरून वरून कातडी शिवून टाकावी, आणि तीही बारीक टाक्यानं, तसं. अंगावरची चादर पायाला लागली तरी मी ओरडायचो. थंडीच्या दिवसांत आळीतली मांजरं माझ्या पायाशी ऊब घ्यायला यायची. बादलीत पाय घालून बसलो तर पाणी कोमट व्हायचं. आमची सुभद्रा म्हणायची, "जरा जास्त वेळ बसा, डाळ शिजतेय का बघते."

साताऱ्याच्या डॉक्टरांनी केसाएवढी तार माझ्या तळव्याला टेकवली. म्हणाले, "कळतंय का?"

मी विचारलं, "काय?"

"हेच." त्यांनी तार ठेवून दिली. "साखरेनं पायाच्या नसा बिघडल्यात, पतंगेमास्तर."

"अहो, पण बधिर झाले असतील तर जळतात कशाला?"

"बिघडलेली नस गप्प बसत नाही. नसलेली आग सांगत राहते."

गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दिवसा झोप यायची आणि काज करताना सुई बोटात जायची. मी गोळ्या बंद केल्या. सुभद्रा डॉक्टरांना सांगेन म्हणाली. मी म्हटलं, सांग.

पण खरं सांगू, त्या दिवसांत मला एक सुख होतं. समोरच्या मुरलीधर वायचळाचेही पाय जळत होते.

आमच्या शिंपी आळीत त्याचं दुकान माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. मी मान वर केली की तो, त्यानं केली की मी. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, एकाच पाटावर बसून काज-बटण केलं. उस्ताद त्याचं काज लोकांना दाखवायचे आणि माझं उसवायला सांगायचे. पुढं त्याला मुलगा झाला तो इथंच राहिला, माझा पुण्याला कंपनीत गेला. त्याच्या डोक्यावर केस राहिले. हे सगळं मी सोसलं. कारण एक गोष्ट माझ्याकडे होती आणि त्याच्याकडे नव्हती. भैरोबाच्या अंगीचा मान.

महादू, तू बाहेरचा, तुला सांगतो. दवणा वाहायच्या आदल्या दिवशी देवाला नवी अंगी लागते. ती देवळातच, सभामंडपात शिवायची. विजेचं मशीन चालत नाही, पायडलचं लागतं. शिंप्यानं अनवाणी बसायचं. आणि एकदा पहिला टाका पडला की अंगी पुरी होईपर्यंत पाय पायडलवरून काढायचा नाही. शेजारी दुसरा शिंपी आपलं मशीन लावून तयार असतो. त्याला जोडीचा म्हणतात. पहिल्यानं पाय उचलला की अंगी जोडीच्याच्या मशीनवर जाते, आणि तिच्याबरोबर मानही कायमचा जातो. माझ्या आजोबांपासून मान पतंग्यांच्या घरात. आणि जोडीचे नेहमी वायचळ. तीन पिढ्या ते नुसते शेजारी बसून आमचे पाय बघत आले.

तेव्हा पाय जळायला लागले तशी मला भीती वाटली होतीच. पण मुरल्याही आळीतून बदकासारखा चालत होता, टाच टेकवत नव्हता. मी उठलो तर त्यालाही पायडल मारता येणार नाही, अशी मनाशी समजूत घालत होतो. सकाळी एकमेकांना बघितलं की मी विचारायचो, "कसं हाय मुरल्या?" तो म्हणायचा, "पेटलंय." मी म्हणायचो, "माझं बी." इतक्या वर्षांत आमचं इतकं गोड बोलणं कधी झालं नव्हतं.

आणि मग माघात त्याच्या मुलाचं लग्न झालं. सून वैद्य निघाली.

मृण्मयी तिचं नाव. शिकून आलेली, चष्मेवाली. आल्या आल्या तिनं सासऱ्याचे पाय मांडीवर घेतले. संध्याकाळी दिवेलागणीला मुरल्या दुकानाच्या कट्ट्यावर खुर्ची टाकून बसायचा, पाय स्टुलावर. ती खाली बसायची, काळ्या छोट्या बाटलीतून थेंब थेंब तेल तळव्यावर सोडायची आणि हलक्या हातानं जिरवायची. एकेक बोट वेगळं. मुरल्या डोळे मिटून बसलेला. आणि हे सगळं माझ्या नाकासमोर.

"वाती करायच्यात, तिकडं काय बघताय?" सुभद्रा आतून ओरडायची.

"बघत कुठं हाय? दोरा ओवतोय."

"सुईत की वायचळांच्या खुर्चीत?"

होळी झाली आणि मुरल्याची टाच टेकायला लागली. पाडव्याला तो चप्पल काढून देवळापर्यंत चालत गेला आणि चालत आला. मी विचारलं, "कसं हाय?" तर म्हणाला, "बरंच उतरलं की रं. धार गेली. तुझं?"

मी म्हटलं, "माझं पण उतरलं." आणि आत येऊन पाय बादलीत घातले.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आगीचं काही वाटत नव्हतं, तिची सवय झाली होती. पण मी एकटा जळतोय हे सहन होईना.

"एक बाटली मागा की," सुभद्रा म्हणाली. "पोरगी चांगली आहे, देईल."

"वायचळाच्या घरातलं तेल माझ्या पायाला? आणि अंगीच्या तोंडावर?"

"मग जळा."

पोरगी खरंच चांगली होती, तेच तर वाईट. दोन दिवसांनी पोलक्याचं माप द्यायला म्हणून ती माझ्याच दुकानात आली. सासरा शिंपी असताना! मला कळलं, हे निमित्त आहे.

"काका, तुम्हालाही पायांचा त्रास आहे असं बाबा म्हणाले. तेल देऊ का?"

"कसलं तेल आहे ते?"

"भांगेच्या झाडाचं. त्यातला एक भाग काढून तिळाच्या तेलात—"

"भांगेचं!" मी मोठ्यानं म्हटलं, आळीला ऐकू जाईल असं. "म्हणजे मुरल्या रोज संध्याकाळी भांग लावून बसतो! तरीच डोळे मिटलेले असतात."

ती हसली, रागावली नाही. तिच्या जागी मी असतो तर रागावलो असतो. "नशा आणणारा भाग वेगळा असतो काका, तो यात नावालाही नाही. हे प्यायचं नाही, नुसतं कातडीवर लावायचं. नसांची तक्रार जरा मऊ होते. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आणि याच्यानं नस दुरुस्त होत नाही, साखर सांभाळावीच लागते. बाबांना गुण आला, तुम्हाला येईलच असं मी म्हणणार नाही. पण बघायला काय हरकत?"

"माझे पाय निर्व्यसनी आहेत," मी म्हटलं. "राहू देत तसेच. गळा केवढा ठेवायचा?"

ती गेली. आणि मी तेलाचा विचार करायला लागलो.

इंदूआक्का, आता तुम्ही हसलात. मी बघितलं.

मागायचं नव्हतं, पण घ्यायला कुणी बंदी केली होती? आमच्या धंद्यात समोरच्याकडून सुई, बॉबीन, तेल उसनं आणायची पद्धतच आहे. फरक एवढाच की मी विचारलं नाही. दुपारी जेवणानंतर मुरल्या दुकानात गिऱ्हाइकांच्या कापडावर आडवा व्हायचा, फळ्या अर्ध्या लावून. मी मशीनच्या तेलाची रिकामी कुप्पी घेतली, ती नाही का, लांब चोचीची, आणि गेलो. पायांतल्या आगीमुळे मी तसाही चवड्यांवर चालत होतो, त्यामुळे आवाजाचा प्रश्न नव्हता. बाटली देव्हाऱ्याखालच्या फळीवर. अर्धी कुप्पी भरून घेतली. वळलो तर मुरल्याचे डोळे उघडे.

"काय रं?"

"तेल," मी म्हटलं आणि कुप्पी दाखवली. "मशीनला. माझं संपलं. उद्या अंगी हाय ना."

"ने की," तो म्हणाला आणि कूस बदलली.

बघा, मी खोटं बोललो का? तेल म्हणालो, तेलच होतं.

पण घरी गेल्यावर गंमत झाली. सुभद्रानं तोवर माझ्यासाठी मशीनचं नवं तेल आणून दुसऱ्या कुप्पीत भरून ठेवलं होतं. दोन्ही कुप्प्या एकाच वर्षी घेतलेल्या, एकाच जागी पोचे आलेल्या. मी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि सकाळी आंघोळ करून आलो तेव्हा कुठली कुठली ते मला ठाऊक नव्हतं. वास घ्यावा तर घरात सकाळपासून ऊद जळत होता. देवाच्या कामाला उशीर करायचा नसतो. एक उचलली, पायांना चोळली. दुसरी उचलली, मशीनच्या भोकाभोकांतून सोडली. चाक फिरवून बघितलं. आणि इथं, महादू, गाळणं खाली ठेव, इथं मशीन हललं. मी हात काढला तरी चाक फिरतच राहिलं. दोन वेढे, तीन वेढे. मग कुणी पोटभर जेवून ढेकर द्यावा तसा आवाज करून थांबलं.

माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मशीनला भांगेचं तेल गेलं होतं आणि माझ्या पायांना मशीनचं.

पायांना गंज चढणार नव्हता, एवढाच काय तो फायदा. पण आता धुवायला वेळ नव्हता. बाहेर ताशा लागला होता आणि हमाल मशीन न्यायला आले होते.

सभामंडपात दोन्ही मशीनं लावली. माझ्या शेजारी मुरल्या, धुतलेले पाय, ताठ बसलेला. देवाचं कापड पुरं होईपर्यंत लोकांच्या नजरेला पडू द्यायचं नसतं, म्हणून गुरवानं चहूकडून पडदा ओढला. आत आम्ही दोघं आणि ती लाल मखमल, जरीचा काठ. कापड हातात घेतलं, पहिला टाका पडला. आता पाय उचलायचा नाही.

पायडल बिडाचं, जाळीचं. उघड्या तळव्यांना त्या जाळीची प्रत्येक कड लागते. अंगीची पाठ शिवून होईपर्यंत दम धरला. बाह्या जोडायला घेतल्या तेव्हा आग गुडघ्यापर्यंत आली. मग त्याहून वाईट झालं. आग राहिली आणि पाय गेले. म्हणजे पाय खाली आहेत की नाही तेच कळेना. पायडलची लय चुकली की चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. माझा दोरा तुटला. ओवला. परत तुटला. देवाच्या अंगीवर दोरा तुटायचा आवाज मला त्या ताशांपेक्षा मोठा ऐकू आला.

मुरल्या बघत होता. अंगीकडे नव्हे, माझ्या पायांकडे.

"पेटलंय?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई."

"घामानं मखमल भिजंल तुझ्या."

"तू तुझं बघ. बस तिकडं जोडीचा होऊन. तीन पिढ्या बसलात, अजून एक वर्ष बस."

"उचल पाय यशा. लई झालं. मी शिवतो."

"तेच तर पाहिजे तुला!" माझा आवाज पडद्याबाहेर गेला असणार, कारण ताशा जरा अडखळला. मी आवाज खाली घेतला. "सून मिळाली, पाय मिळाले, आता मान पण दे म्हण. माझ्याकडं अजून काय शिल्लक हाय ते बघ इकडंतिकडं, ते पण ने."

  माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते उदाचं होतं. बाही अर्धी जोडलेली, दोरा परत तुटलेला, आणि मला कळून चुकलं की आता माझे पाय ते पायडल एकदाही दाबणार नाहीत. उचलायचे तेवढे बाकी होते. मुरल्यानं आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं, जवळून बघता यावं म्हणून असेल. म्हणाला, "दोरा ओव."

मी ओवला.

आणि मशीन सुरू झालं.

आपलं आपण! भैरोबाची शपथ घेतली असती, पण त्याला कशाला मधे आणा. माझे पाय पायडलवर नुसते टेकलेले, आणि पायडल वरखाली, वरखाली, एका लयीत. तसली लय तर माझ्या उमेदीच्या काळात मला जमली नव्हती. भांग चढली होती मशीनला! सकाळी सोडलेलं तेल आता कुठं सांध्यासांध्यांत मुरलं होतं. मी नुसतं कापड पुढं सरकवत होतो. बाह्या झाल्या, काठ झाला, गळ्याची गोट झाली. मधे एका वळणावर मी कापड फिरवायला लागलो तर मशीन माझ्यासाठी थांबलं, आणि मी "हं" म्हणताच परत निघालं. सांगा, इतकं समजूतदार मशीन कुणी बघितलंय? मुरल्याला मी म्हटलंसुद्धा, "बघ, याला म्हणतात पतंग्यांचं मशीन." तो समोरच्या पडद्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. जळत असणार मनातून.

शेवटचा टाका पडला. मुरल्यानं स्टूल पहिल्या जागी सरकवलं. गुरवानं पडदा बाजूला सारला, अंगी देवापुढं धरली, लोकांनी चांगभलं केलं. माझे पाय पायडलवर होते, सगळ्या गावानं बघितलं. मान पतंग्यांच्या घरात राहिला तो राहिला. मला दोघांनी धरून खाली उतरवलं, ते नुसतं आदरापोटी.

संध्याकाळी मी दुकानात पाय बादलीत घालून बसलो होतो. समोर मुरल्या लंगडत कट्ट्यावर आला. परत बदकासारखा. आणि ती पोरगी त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली, रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. "बाबा, केलंत तरी काय एवढं?" असं विचारत होती. मला ऐकू आलं. तेच मी म्हणतो, केलं काय होतं त्यानं? नुसता शेजारी बसला होता! माणूस बसून बसून लंगडतो, आणि त्याचे लाड होतात. ज्यानं अंगी शिवली तो बादलीत.

थोड्या वेळानं पोरगी आळी ओलांडून आली आणि एक बाटली माझ्या पाटावर ठेवून गेली.  ती बाटली मी परत करणार होतो. सुभद्रानं करू दिली नाही. तेव्हापासून लावतो. चादर आता पायाला चालते, आग आहे पण ती पलीकडच्या आळीत लागल्यासारखी. ते जाऊ द्या. मूळ मुद्दा मशीनचा.

मुरल्याला विचारा हवं तर. कितीतरी जणांनी विचारलंय, त्या दिवशी पडद्याआड काय झालं म्हणून. तो नुसता हसतो आणि काजाला टाका घालतो. त्याला कधी काही सांगताच आलं नाही. हातात काज असलं तरी तोंडात गोष्ट पाहिजे ना! म्हणून ती मला सांगावी लागते. तेव्हा महादू, ऐकलंस ना, भांगेचं तेल माणसाला चढत नाही हे वैद्यिणीचं म्हणणं खरं असेल, पण बिडाच्या मशीनला—

"मास्तर," इंदूआक्का म्हणाल्या.

हार ओवून झाला होता. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, दातांनी तोडला, आणि माझ्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाल्या, चहाच्या गाडीपाशी उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"पडदा आमच्या ह्यांनी लावला होता. खालून वीतभर आखूड पडला होता. मी पायरीवर बेल निवडत बसले होते, मान खाली. मला अंगी न्हाई दिसली, पण पायडल दिसत होतं. चार पाय होते त्याच्यावर. कडेचे दोन मुरलीभाऊजींचे, ते चालत होते. मधले दोन तुमचे, ते नुसते ठेवलेले होते."